बिल्लारा ओढ्यावरील नियोजित पूल आणि आमचे आमदार

लोकशाहीत प्रत्येक नागरिकाला आपली अडचण मांडण्याचा हक्क असतो. अडचणच सुटली, तर हा हक्क बजावायचा कशाच्या जोरावर, याचा विचार मात्र फारसे कोणी करत नाही. आमच्या मतदारसंघाचे नशीब थोर, की आमच्या आमदारांनी तो केला. अठरा वर्षे, लागोपाठ सहा निवडणुका, श्री. सेल्विन पास्को यांनी आमचा हा हक्क तळहातावरच्या फोडासारखा जपला. त्यांच्या आयुष्याची हकीकत मुलांना नीट समजावी म्हणून मी ती क्रमाने सांगतो. मी त्या भागात शाळामास्तर होतो, तेव्हा क्रम सोडून सांगणे मला जमत नाही. मोठ्यांनी ऐकायला हरकत नाही.

पास्कोसाहेबांचा जन्म टॅलबेन गावी झाला. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या पश्चिमेकडचे हे गाव गहू आणि मेंढ्या यांवर जगते. त्यांचे वडील सॉलिसिटर, आजोबाही सॉलिसिटर. (पणजोबा काय करत, याबद्दल घरात बोलत नसत. त्या काळी इंग्लंडहून इकडे माणसे दोनच कारणांनी यायची, आणि दोन्हींचा संबंध कोर्टाशी असे.) शाळेत असताना त्यांना गृहपाठ कुठे आहे असे विचारले, तेव्हा "तो विचाराधीन आहे" असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. ही दंतकथा असावी. मी त्यांच्या म्हाताऱ्या गुरुजींना मुद्दाम विचारले. ते म्हणाले, शब्द नेमके आठवत नाहीत, पण गृहपाठ मिळाला नाही हे नक्की.

सिडनीला कायदा शिकून ते गावी परतले आणि घरच्या कचेरीत बसू लागले. दारावर पितळी पाटी होती : 'पास्को, पास्को आणि पास्को'. या तिघांपैकी दोघे तोवर दफनभूमीत गेले होते, पण पाटी चांगली होती म्हणून ठेवली. पक्षकाराने कामाची चौकशी केली, की प्रकरण ज्येष्ठ भागीदारांपुढे ठेवले आहे, असे त्याला सांगण्यात येई. ज्येष्ठ भागीदारांना घाई नसे.

सॉलिसिटरचे खरे कौशल्य काय, हे मुलांना सहसा चुकीचे सांगितले जाते. पुष्कळ लिहिता येणे हे कौशल्य नव्हे. पुष्कळ लिहूनही काही न म्हणता येणे, हे आहे. पास्कोसाहेब एक पत्र तीनदा लिहीत. पहिल्या खर्ड्यात उत्तर असे. दुसऱ्यात ते पातळ होई. तिसऱ्यात फक्त आदर उरे. मग मिस थ्रप नावाच्या त्यांच्या टायपिस्ट ते तीन प्रतींत टाइप करत : एक पक्षकाराला, एक फायलीला, आणि तिसरी कशासाठी हे मिस थ्रप यांच्या आधीच्या बाईंना माहीत होते, पण त्या वारल्या.

शिवाय गावातल्या तीनशे बारा माणसांची मृत्युपत्रे त्यांच्या लोखंडी कपाटात होती. आपल्या बिनलग्नाच्या काकाचे मृत्युपत्र ज्याच्या कपाटात आहे, त्या माणसाशी कोणी उद्धटपणे वागत नाही. रस्त्यात त्यांना पाहून मानाने टोप्या उचलल्या जाऊ लागल्या. टोप्या उचलल्या जातात असे दिसल्यावर राजकीय पक्षाची माणसे आली. अशा रीतीने पास्कोसाहेब राजकारणात पडले. पडताना त्यांना लागले नाही. एक्केचाळीस मतांनी निवडून आले.

आता ओढ्याकडे वळू.

टॅलबेनच्या उत्तरेला बिल्लारा ओढा आहे. वर्षातले दहा महिने त्यात बेडकालाही पोहता येत नाही. उरलेल्या दिवसांत तो डोंगरातून जे येते ते सगळे घेऊन येतो : पाणी, ओंडके, कुंपणे, आणि एकदा एक पियानो. ओढा ओलांडायला काँक्रीटची बुटकी फरशी आहे. तिच्या कडेला पाण्याची उंची दाखवणारा पांढरा खांब आहे, तो पाणी चढले की बुडतो. माझी शाळा अल्याड, फरशीपासून दोनशे पावलांवर. निम्मी मुले पल्याडची. ओढा चढला, की पल्याडची मुले पल्याड. दोन काठांवरच्या निलगिरीच्या झाडांना एक तार बांधलेली होती. तिच्यावरून कप्पीने एक लाकडी पेटी सोडत आणि त्यातून पाव, टपाल आणि औषधे पलीकडे जात. पेटीला वीस पावांचे वजन पेलत असे. मूल त्याहून जड असते.

पहिल्याच प्रचारसभेत पास्कोसाहेबांनी पुलाचा प्रश्न हाती घेतला. एकदा हाती घेतलेला प्रश्न खाली ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. अठरा वर्षांचा गोषवारा (रस्ते खात्याच्या अहवालांवरून आणि माझ्या हजेरीपटावरून) असा : मोजण्या सात. ठोकलेल्या खुंट्या तीनशे ऐंशी. पैकी मुलांनी क्रिकेटच्या यष्टी म्हणून नेलेल्या नव्वद, समज देऊन परत मिळवलेल्या चार. पहिली कुदळ मारण्याचे समारंभ चार, चारही पहिले. (चारही एकाच जागी झाल्यामुळे तिथे बऱ्यापैकी खड्डा झाला आहे. त्यात बदके येतात.) शाळेचे बुडालेले दिवस वर्षाला सरासरी छत्तीस. पूल शून्य.

पल्याड त्रेसष्ट मतदार होते आणि त्यांत एनिड मॅडिगन नावाच्या एक बाई होत्या. नवरा मेंढ्यांची लोकर कातरायला वर्षाचे सात महिने बाहेर. घरी त्या, चाळीस कोंबड्या आणि लॉरेल नावाची मुलगी. या मुलीबद्दल मी जास्त बोलणार नाही, कारण मास्तराने एका मुलाचे कौतुक केले, की बाकीच्यांच्या आया दुसऱ्या दिवशी शाळेत येतात. एवढेच सांगतो, की अपूर्णांकाचा भागाकार मी तिला शिकवला नाही. छत्तीस दिवसांच्या एका सुट्टीत ती तो कोंबडीच्या खाद्यावर स्वतःच शिकून आली. आमच्याकडे बाराव्या वर्षी शिष्यवृत्तीची परीक्षा असे. ती पास झाली तर नव्वद मैलांवरच्या हायस्कुलात जागा, वसतिगृह, पुस्तके. नाही झाली तर कोंबड्या. परीक्षा आयुष्यात एकदाच, नोव्हेंबरातल्या तिसऱ्या गुरुवारी, सकाळी साडेनऊला, माझ्या शाळेत. आणि नोव्हेंबर हा ओढ्याचाही आवडता महिना होता.

म्हणून लॉरेल नऊ वर्षांची झाल्यापासूनच एनिडबाईंनी पुलासाठी अर्ज लिहायला घेतले. दर अर्जाला रस्ते खात्याचे उत्तर येई : 'आपल्या माननीय आमदारांनी कळवल्यानुसार सदर फरशी सर्वसाधारणपणे वापरण्याजोगी आहे.'

"सर्वसाधारणपणे म्हणजे काय हो मास्तर?" त्यांनी मला विचारले.

"म्हणजे ओढ्यात पाणी नसताना."

"पाणी नसताना फरशी कशाला हवी? मी चालत जाईन की."

मी म्हणालो, हा मुद्दा नव्या अर्जात घाला. त्यांनी घातला. उत्तर तेच आले.

पास्कोसाहेबांच्या चौथ्या निवडणुकीची गोष्ट. त्याआधीची त्यांनी जेमतेम सतरा मतांनी जिंकली होती. त्या वेळी पल्याडच्या त्रेसष्टांपैकी अठ्ठावन्न त्यांच्याविरुद्ध गेले होते. (मतदान गुप्त असते, पण पल्याडची माणसे गुपित ठेवण्यात कच्ची.) या खेपेला साहेब पडणार, असे टॅलबेनच्या तिन्ही दारूगुत्त्यांत ठरले होते. मतदान शनिवारी, माझ्या शाळेत. बायकांच्या मंडळाने केक आणि जॅमचे पाव विकायला मांडले. टपाली मतासाठी अर्ज करायची मुदत बुधवारी संपली. ओढ्याने गुरुवारी चढायला घेतले. शनिवारी फरशीवर नऊ फूट पाणी होते आणि त्रेसष्ट मतदार पलीकडच्या काठावर, चांगले कपडे घालून, रांगेत उभे होते. रांग सुरेख होती. फक्त ती पाण्यापाशी संपत होती.

पास्कोसाहेब बत्तीस मतांनी निवडून आले.

हे गणित मी पुढे पाचवीच्या वर्गाला घालत असे : 'एक उमेदवार ३२ मतांनी पुढे आहे. ६३ मतदार यायचे आहेत. त्यांपैकी ५८ त्याच्या विरुद्ध व ५ बाजूने आहेत. तर कोण जिंकेल व किती मतांनी?' बहुतेक मुले म्हणत, विरुद्ध पक्ष, एकवीस मतांनी. चूक. उत्तर पास्कोसाहेब. मुले दिलेल्या आकड्यांकडे पाहतात, ओढ्याकडे पाहत नाहीत.

आमच्या देशात मत न देणे हा गुन्हा आहे. महिन्याभरात निवडणूक कचेरीकडून त्रेसष्ट नोटिसा आल्या : 'आपण मत का दिले नाही, याचे सबळ कारण सादर करावे, अन्यथा दंड.' पल्याडची माणसे घाबरली. सरकारला सबळ वाटेल असे कारण कसे लिहायचे, हे त्यांना ठाऊक नव्हते. अशा वेळी माणूस सॉलिसिटरकडे जातो, आणि आसपासच्या पन्नास मैलांत सॉलिसिटर एकच होता.

इथे पास्कोसाहेबांचा मोठेपणा पाहा. ज्यांनी त्यांना पाडण्यासाठी चांगले कपडे घातले होते, त्यांची त्रेसष्ट उत्तरे त्यांनी फुकट लिहून दिली. सलग तीन शनिवार कचेरी उघडी ठेवली. मिस थ्रप यांच्या बोटांना फोड आले. लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. "माणूस देव आहे हो," असे म्हणत ते फरशीवरून (ती आता सर्वसाधारणपणे वापरण्याजोगी झाली होती) घरी गेले.

पण उत्साहाच्या भरात साहेबांच्या हातून एक चूक झाली. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्यांत अशी चूक झाली नव्हती. पत्रे फार होती आणि वेळ कमी, म्हणून त्यांनी प्रत्येक पत्राचा एकच खर्डा लिहिला. पहिला. ज्यात उत्तर असते तो.

त्यात लिहिले होते : 'मी, सेल्विन पास्को, विधानसभेचा सदस्य, स्वतःच्या माहितीवरून लिहून देतो की बिल्लारा ओढ्यावरील फरशी दर वर्षी सरासरी छत्तीस दिवस ओलांडता येत नाही, ती जिवास धोकादायक आहे, आणि ही गोष्ट मला आमदार झाल्यापासून माहीत आहे.' खाली सही. त्रेसष्ट सह्या. आणि मिस थ्रप यांनी सवयीप्रमाणे प्रत्येकाची एकेक प्रत पक्षकाराच्या हाती दिलेली.

बाकी बासष्ट जणांनी ती प्रत चुलीजवळच्या खिळ्याला लावली. एनिडबाईंनी ती वाचली.

एप्रिलात गावच्या सभागृहात आमदारांची सभा झाली. एनिडबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या एका हातात रस्ते खात्याचे पत्र होते आणि दुसऱ्या हातात साहेबांचे. दोन्ही त्यांनी मोठ्याने वाचली.

"मला एवढंच सांगा मिस्टर पास्को," त्या म्हणाल्या, "यातलं खोटं कुठलं? म्हणजे तेवढं मी फाडून टाकते. माझ्या पोरीची परीक्षा नोव्हेंबरात आहे. मला भांडायला वेळ नाही, पूल हवाय."

पास्कोसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"दोन्ही खरी आहेत, मिसेस मॅडिगन. फरशी वापरण्याजोगीच आहे. वापरण्याजोगं नाही ते पाणी. आणि पाणी रस्ते खात्याच्या अखत्यारीत येत नाही."

सभागृह हसले. मीही हसलो, खोटे कशाला सांगू? वाक्य चांगले होते. एनिडबाई तशाच उभ्या होत्या. हसणे संपेपर्यंत त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, "ठीक आहे. मग हे दोन्ही कागद मी राजधानीला पाठवते. तिकडे कुणाला हसू येतं बघू."

आणि पाठवले.

सरकार हलत नाही, असे म्हणणारांनी पुढचे नीट ऐकावे. अकरा दिवसांत उत्तर आले. सरकारने या प्रकरणाची अत्यंत गंभीर दखल घेतली होती. त्रेसष्ट नागरिक मतदानाला मुकतात, ही लोकशाहीवरची आपत्ती आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. आपत्ती तात्काळ दूर करण्याचा हुकूम निघाला. जुलैच्या कोरड्या दिवसांत फरशीवरून लाकूड, पत्रे, सिमेंट आणि सुतार पलीकडे गेले, आणि सहा आठवड्यांत पल्याडच्या काठावर मतदान केंद्राची पक्की खोली उभी राहिली. लाकडी जमीन, पत्र्याचे छप्पर, एक टेबल, आठ खुर्च्या, दोरीने बांधलेल्या सहा पेन्सिली. तीन वर्षांतून एक दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, उघडी. एरवी कुलूप. पास्कोसाहेबांनी फीत कापली आणि किल्ली जबाबदारीने आपल्या कचेरीत ठेवली. ओढा चढल्यावर पल्याडच्या मुलांना त्या खोलीत बसवता येईल का, असा अर्ज मी केला. उत्तर आले, की त्यामुळे मतदान केंद्राच्या निःपक्षपातीपणाला बाधा येईल. मुले कोणत्या पक्षाची आहेत, असे उलट विचारायचे मला तेव्हा सुचले नाही.

नोव्हेंबरातला तिसरा गुरुवार आला. बुधवारी रात्रभर डोंगरात पाऊस झाला होता. सकाळी खांब बुडालेला. मी शाळेच्या व्हरांड्यात उभा, हातात लाखेने बंद केलेले प्रश्नपत्रिकांचे पाकीट. समोर, पाण्यापलीकडे, एनिडबाई आणि लॉरेल. लॉरेलच्या केसांना रिबिनी होत्या. तिच्या पाठीमागे वीस पावलांवर ती खोली. टेबल, आठ खुर्च्या, सहा पेन्सिली.

मी पास्कोसाहेबांना फोन लावला.

"मास्तर बोलतोय शाळेतून. ओढा चढलाय. लॉरेल पल्याड अडकलीय."

"अरेरे. किती फूट आहे?"

"सात. पण खोली तिच्या मागेच आहे, मिस्टर पास्को. तुम्ही किल्ली घेऊन या, मी प्रश्नपत्रिका आणि किल्ली पावाच्या पेटीतून पाठवतो. शेजारच्या कुणालातरी देखरेखीला बसवू. साडेनऊला अजून पंचवीस मिनिटं आहेत."

"मास्तर, तुम्ही सरकारी नोकर ना?"

"हो."

"मग हे मी ऐकलं नाही, असं समजा. तुमच्या भल्यासाठी म्हणतो. ती खोली उघडायची तर निवडणूक लागते."

"मग लावा!" मी चिडलो होतो.

तिकडे दिनदर्शिकेची पाने उलटल्याचा आवाज आला. थट्टा करत नव्हते ते, खरोखरच विचार करत होते. "मी राजीनामा दिला तर पोटनिवडणूक लागेल," ते म्हणाले. "पण तिला तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. परीक्षा साडेनऊला म्हणालात ना? नाही जमायचं. फार वाईट वाटतंय मला, मास्तर. अगदी मनापासून."

वाटलेही असेल. ते दुष्ट नव्हते, हे मुलांनी लक्षात ठेवावे. दुष्ट माणसाला ओळखणे सोपे असते.

मी पुन्हा व्हरांड्यात आलो. पावाची पेटी नुकतीच अकरा पाव घेऊन पलीकडे गेली होती आणि रिकामी परत येत होती. परीक्षेचा नियम चौदा असा होता : 'पाकीट केंद्राबाहेर जाऊ नये.' किल्ली नसली तरी काय? खोलीला बाहेर पायऱ्या होत्या, पायरीवर बसून लिहिता आले असते. वर पत्र्याची पडवी होती.

"मास्तर, पाठवा ना!" एनिडबाई पाण्यावरून ओरडल्या. "मी पाठ करून बसते तिच्याकडे! डोळेसुद्धा वळवणार नाही!"

मी हात वर करून हलवला. लांबून तो हात 'थांबा' म्हणत होता की 'नाही', हे त्यांना कळले नसेल. कळावे अशी माझीही फारशी इच्छा नव्हती.

साडेनऊला मी घंटा वाजवली. सहा मुलांनी पेपर लिहिला. सातव्या नावापुढे मी लिहिले : 'गैरहजर. कारण : ओढा.' लॉरेल साडेबारापर्यंत, म्हणजे पेपर संपेपर्यंत, पलीकडे उभी होती. का, ते मला माहीत नाही. मी विचारले नाही.

पास्कोसाहेबांनी तिच्यासाठी पुष्कळ केले. शिक्षण खात्याला पत्र लिहिले (तीन खर्डे). पुढे ती चौदा वर्षांची झाली, तेव्हा टॅलबेनच्या हॉटेलात तिला ताटे वाढण्याची नोकरी लागावी म्हणून शिफारस दिली. ती मात्र एका खर्ड्यात : 'मुलगी अत्यंत हुशार आहे.' नोकरी लगेच लागली.

पुढच्या निवडणुकीत पल्याडचे मतदार आपल्या स्वतःच्या खोलीत मतदान करणार होते. बायकांच्या मंडळाने तिथे केकचे वेगळे टेबल लावले. पेन्सिलींच्या दोऱ्या नव्या होत्या. आता त्यांची मते वेगळी मोजली जाणार असल्यामुळे काय होते याकडे सगळ्यांचे लक्ष होते. निकाल : पास्कोसाहेब एकोणपन्नास, विरुद्ध चौदा.

एनिडबाईंनी आपल्या शेजाऱ्याला, डग ग्रिबलला, कुंपणापाशी गाठले.

"डग, तुझी पोरं छत्तीस दिवस घरी बसतात. तू पण?"

"अगं एनिड, खोली दिली ना त्यानं. नवा येईल तो तेवढीही देणार नाही."

"मग त्या खोलीतच राहायला जा."

"कुलूप असतं ना," डग म्हणाला.

त्यानंतरच्या निवडणुकीत पल्याडहून त्यांना त्रेपन्न मते पडली. अठरा वर्षे झाल्यावर पास्कोसाहेबांनी स्वखुशीने निवृत्ती घेतली. निरोपाचे जेवण हॉटेलच्या मोठ्या दालनात झाले. भाजलेले कोकराचे मांस, पुदिन्याची चटणी, मग अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा, फळे घातलेला गोड केक. दोन्ही काठांवरची माणसे आली होती. ओढा कोरडा होता. नियोजित पुलाला 'सेल्विन पास्को पूल' असे नाव देण्याचे ठरले, आणि संगमरवरी पाटीचे अनावरण झाले. पूल होईपर्यंत ती हॉटेलच्या भिंतीला टेकवून ठेवावी, असे ठरले.

साहेब बोलायला उठले. "मित्रहो," ते म्हणाले, "माझ्या आधीच्या आमदारांनी हा पूल ज्या स्थितीत माझ्या हाती दिला, त्याच स्थितीत, एक ओरखडाही न पडू देता, मी तो तुमच्या हाती परत देतो आहे."

दालन कोसळते की काय, असा हशा पिकला. डग ग्रिबलने टेबलावर मुठी आपटल्या. मिस थ्रप यांनी रुमाल तोंडाला लावला. माझ्याही डोळ्यांतून पाणी आले. लॉरेल एकवीस वर्षांची झाली होती. पाच ताटे एका हातावर तोलून ती टेबलांमधून चालली होती.

"अगं पोरी, हस की जरा!" डग तिला म्हणाला. "आज कुणी मेलं नाहीये!"

"हसले तर ताटं पडतील, मिस्टर ग्रिबल," ती म्हणाली. "सरका थोडं."

सगळे पुन्हा हसले आणि तिने ताटे ठेवली. माझ्यापुढचे ताट ठेवताना म्हणाली, "गरम आहे, सर." एवढेच.

मुलांनो, आता एक वर्गातली गोष्ट सांगतो आणि थांबतो. चाळीस वर्षांत मी खोडी कोणी केली, हे शोधायला कधी कोणाची झडती घेतली नाही. मी काय करायचो, झालेली हकीकत वर्गासमोर सरळ चेहऱ्याने, अगदी पहिल्यापासून सांगायचो, आणि सांगताना बाकांकडे बघत राहायचो. ज्याचे नुकसान झालेले असे तो हसत नसे. ज्याने काही पाहिले नव्हते तो वाट बघत असे. जो जागोजागी मनमोकळेपणाने हसत असे, त्याला मी मधल्या सुट्टीत थांबवून घेत असे. माझा अंदाज कधी चुकला नाही.

तुम्ही मघाशी कुठे कुठे हसलात, ते ज्याचे त्याने आठवावे. हात वर करायची गरज नाही. मतदान गुप्त असते.